आता मी पणजोबांचं नाव विचारत नाही

अंथरुणाला खिळलेल्या, फार दिवस न उरलेल्या माणसाला त्याच्या पणजोबांचं नाव विचारू नये, असं आता माझं ठाम मत आहे. काही वर्षांपूर्वी माझं मत याच्या अगदी उलट होतं आणि तेही इतकंच ठाम होतं. त्या मताच्या जोरावर मी लोकांच्या घरी जाऊन, उशाशी खुर्ची ओढून, वही उघडून बसत असे. मत का बदललं, किती बदललं आणि कुठे अजूनही बदललेलं नाही, हे एकदा सरळ लिहून टाकावं म्हणून हा प्रपंच.

मी भोपाळच्या शाहपुऱ्यात राहते. सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका घरी आजोबा आजारी होते. त्यांना घराण्याची माहिती सांगायची होती आणि मुलांना लिहून घ्यायला सवड नव्हती. मी लिहून दिली. मग एका घरून दुसऱ्या घरी निरोप जाऊ लागला, "आमच्या बाबांचं आता काही खरं दिसत नाही, तुम्ही एकदा येऊन जाल का?" घरं बहुतेक चालत जाण्याच्या अंतरावरची. तलावाच्या आजूबाजूचे सेक्टर, मनीषा मार्केटच्या मागच्या गल्ल्या, फार तर अरेरा कॉलनी नाहीतर चुनाभट्टी. पैसे घेतले नाहीत, संस्था काढली नाही. चहा मात्र भरपूर झाला.

हे काम भोपाळात निकडीचं आहे, त्याला कारण १९५६ साल. त्या आधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ. नागपूरच्या सचिवालयातल्या कितीतरी मराठी कारकुनांनी, लेखापालांनी, स्टेनोंनी बिऱ्हाड बांधलं आणि ते इकडे आले. ग्वाल्हेर-इंदूरकडून मध्य भारताच्या नोकरीतली माणसं आली. त्यांतली पुष्कळ घरं शिंदे-होळकरांच्या काळापासून तिकडे रुजलेली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना उभा राहिला आणि पिपलानी-बरखेड्यात आणखी मराठी घरं आली.

भोपाळ तेव्हा नवाबी शहर. संस्थानाचा कारभार भारत सरकारकडे येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. विधानसभा मिंटो हॉलमध्ये बसली. सचिवालयासाठी वल्लभ भवन उभं राहायला १९६५ उजाडलं. सरकारी नोकरांना राहायला तात्या टोपेनगर, म्हणजे टी. टी. नगर, वसवलं गेलं. राजधानी भोपाळला आली तरी उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला गेला. तीन भाऊ तीन गावी पांगले, असं इथल्या घराघरांतून ऐकू येतं ते त्यामुळे.

त्या साली बाविशीत असलेला कारकून आज नव्वदीच्या पुढे आहे. निवृत्तीनंतर या लोकांनी शाहपुरा, अरेरा, कोलार रोड अशा ठिकाणी स्वतःची घरं बांधली. ज्या सरकारी क्वार्टरांत त्यांचे संसार झाले, त्यांतले टी. टी. नगरातले पुष्कळसे स्मार्ट सिटीच्या कामात पाडले गेले. म्हणजे घरं गेली आणि आता माणसंही चालली. घाई करायला हवी हे मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. त्या घाईत काय वाचवायचं, याबद्दलचं माझं मत तेवढं बदललं.

माझ्याकडे एक तक्ता होता. नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, जन्मसाल, मृत्यूचं साल, पत्नीचं नाव, अपत्यं. प्रत्येक नोंदीपुढे "आधार" असा एक रकाना. व्हाउचर नसलेला खर्च आमच्या खात्यात खर्चच नसे, तीच शिस्त मी इथे लावली. शिवाय डोळ्यांसमोर नमुना होता तो कुलवृत्तांतांचा. विसाव्या शतकात मराठीत कितीतरी आडनावांचे कुलवृत्तांत निघाले. मूळ पुरुष कोण, शाखा किती, कोण कुठल्या गावी गेला, कुणाला किती मुलगे, हे पिढ्यांच्या अनुक्रमानं मांडणारे जाडजूड ग्रंथ. ते तयार करणाऱ्यांनी गावोगाव पत्रं पाठवून, वर्गणी गोळा करून, वर्षानुवर्षं खपून ते सिद्धीस नेले. त्या चिकाटीबद्दल मला आदर होता, आजही आहे. आपणही प्रत्येक घराला असा एकेक छोटा वृत्तांत करून द्यावा, असा माझा मनसुबा होता.

त्यामागचा विचार सरळ होता. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात माहिती आहे, माणूस गेला की माहिती गेली. तेव्हा आधी महत्त्वाचं घ्यावं, गप्पा मागाहून. महत्त्वाचं म्हणजे नावं आणि सनावळ्या. कुणी सांगता सांगता भरकटलं, की मी त्यांना हळूच रकान्यावर आणत असे.

हा तक्ता अडला तो सेक्टर सीमधल्या एका काकूंपाशी. हॉलमध्येच भाड्याचा दवाखान्याचा पलंग लावला होता, शेजारी ऑक्सिजनचं मशीन सारखं घरघरत होतं. दोन वाक्यं बोलली की त्यांना दम लागे. मी क्रमानं विचारत होते. यजमानांचे वडील, त्यांचे वडील, मूळ गाव. काकू डोळे मिटून पडून राहिल्या. मुलगा अधीर होऊन म्हणाला, "आई, आठव ना, तूच तर सांगायचीस." डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या घरचं तू सांग. मला काऊन विचारून राहिला?"

तो ओशाळला. मी पुढच्या रकान्यावर गेले. पत्नीचं नाव. काकूंनी डोळे उघडले. "कोणतं लिहिता? इकडचं का माझं?"

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. त्यानंतर जुन्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करत गेली आणि धाकटा भाऊ वारल्यावर ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. काकूंनी ते नाव सांगितलं. साठीला टेकलेल्या मुलानं ते जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "लिहा," काकू म्हणाल्या, "पण इकडचं खोडू नका हां. जगले तर त्याच नावानं."

मग दम सांभाळत, थांबत थांबत त्या बोलत राहिल्या. नागपूरहून ग्रँड ट्रंकनं निघताना सासूबाईंनी पाटा-वरवंटा सतरंजीत बांधून दिला होता. भोपाळच्या फलाटावर हमालानं ते गाठोडं उचललं आणि बाईसाहेब आत सोनं घेऊन आल्यात काय म्हणून विचारलं. पहिल्या हिवाळ्यात क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्यांनी गोवऱ्यांवर गाकर भाजले. धूर पाहून शेजारची रीव्याकडची बाई पाण्याची बादली घेऊन धावत आली, तिला वाटलं आग लागली. बादली बाजूला राहिली आणि ती वरण-गाकर खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्याकडची बाटी आणून दिली. पुढे काकूंची दोन बाळंतपणं तिनंच निभावली, कारण नागपूरहून यायला कुणाला रजा मिळाली नाही.

यातलं एकही वाक्य माझ्या तक्त्यात बसेना. किरकोळ शेरे उतरवावेत तसं ते मी वहीच्या शेवटच्या पानांवर उतरवलं. काकू गेल्यानंतर घरच्यांनी प्रती मागितल्या त्या या शेवटच्या पानांच्या. नातीनं परदेशातून फोन करून विचारलं, रीव्याच्या त्या बाईंच्या घरचं कुणी सापडेल का. वंशावळीचा कागद त्यांनी जपून ठेवला असेलच, पण त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही.

एका घरावरून मत बदलणं लेखापरीक्षकाला शोभत नाही, म्हणून मी जुन्या वह्या काढून बसले. जी माहिती काढायला मी आजारी माणसांना शिणवलं होतं, ती आणखी कुठे मिळाली असती याची पडताळणी केली. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कित्येक पिढ्यांची नावं आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की उपाध्ये नामावळी काढून दाखवतात आणि त्यात कधी कधी आपल्याच पूर्वजाचं हस्ताक्षर निघतं. सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात जन्मतारीख, वडिलांचं नाव, कायमचा पत्ता असतो. शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, घराची कागदपत्रं, कुणाच्या तरी मुंजीची नाहीतर लग्नाची पत्रिका, मावसभावाची स्मरणशक्ती, हे सगळं शाबूत असतं. भोपाळकरांनी एक ध्यानात ठेवावं. भोपाळ स्वतंत्र जिल्हा झाला तो १९७२ मध्ये, त्याआधी तो सीहोर जिल्ह्यात होता. जुन्या दाखल्यावर "जिल्हा सीहोर" दिसलं म्हणून आजी सीहोरला जन्मली असं धरून चालू नये. माझ्याकडून एका तक्त्यात ते तसं गेलंही होतं.

थोडक्यात, पणजोबांचं नाव उद्याही मिळेल. पाट्या-वरवंट्याचं गाठोडं आणि ती पाण्याची बादली कुठल्याही वहीत, दप्तरात मिळणार नाही. आणि नामावळ्या काय, कुलवृत्तांत काय, ही प्रामुख्यानं पुरुषांची साखळी आहे. बाई तिथे अमक्याची पत्नी म्हणून येते आणि तमक्याची आई म्हणून जाते. वेळ थोडा असेल तर तो कशावर खर्चावा, याचं उत्तर हिशेबातूनच निघालं.

आता मी तक्ता नेत नाही. नव्या घरात पहिल्या दिवशी चूल कुठे मांडली, असं विचारते. पहिला पगार कुणाच्या हातात दिला? घरात भांडण झालं की मिटवायला कोण यायचं? कुणाच्या हातची कुठली भाजी पुन्हा कुणाला जमली नाही? या प्रश्नांना नावं आपोआप लागून येतात. पणजोबाही कधी कधी त्यातूनच निघतात, छडी घेऊन नाहीतर कर्ज काढून.

भाषेबद्दलचं मतही असंच बदललं. भोपाळच्या मराठीत हिंदीची सरमिसळ आहे. "मी तिला बोलली", "सब्जी आणून राहिलो", "अपन निघू या" असं इथे सर्रास बोललं जातं. मी ते लिहिताना शुद्ध करत असे. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी वाचून नावं ठेवू नयेत, हा हेतू. त्या वेळी माझ्या वाचनात "माझा प्रवास" पुन्हा आलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी त्यांनी ऐकली होती. भटजी महूला पोचतात न पोचतात तो बंड उसळलं आणि पुढे झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. घरी परतल्यावर ही हकिगत बरीच वर्षं तोंडीच राहिली. त्यांचे यजमान चिंतामण विनायक वैद्य यांनी, जे पुढे ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते, ती लिहून काढण्याचा आग्रह धरला. वैद्यांनी विचारलं नसतं, तर झाशीच्या राणीला जवळून पाहिलेल्या एका साध्या मराठी माणसाचा शब्द आपल्याला मिळाला नसता.

पुस्तक १९०७ मध्ये निघालं, तेव्हा भटजी हयात नव्हते. वैद्यांनी ते छापताना भाषेवरून हात फिरवला, काही गाळलं, काही बदललं. भटजींचा मूळ मजकूर हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी छापला तो १९६६ मध्ये. सुशिक्षित, सद्हेतू असलेल्या संपादकामुळे वाचकाला भटजींच्या स्वतःच्या बोलीसाठी जवळजवळ साठ वर्षं थांबावं लागलं. हे वाचताना मला माझी लाल पेन्सिल आठवली. आता मी "बोलली" तसंच ठेवते. नातवंडांना आजीचा आवाज त्या चुकीच्या क्रियापदातच ऐकू येतो.

सगळ्यात अवघड गेलं ते तिसरं. लिहिलेलं कुणाचं?

सचिवालयातून निवृत्त झालेले एक काकाजी. कर्करोग पसरलेला, पण बुद्धी लखलखीत. त्यांनी नागपूरच्या महाल भागातल्या वडिलोपार्जित घराची गोष्ट सांगितली. थोरल्या भावानं कागदावर यांची सही कशी केली, हे साल, साक्षीदार, मुद्रांकाच्या किमतीसह. मी खूश. असा पुराव्यानिशी बोलणारा माणूस क्वचित भेटतो. लिहून नेलं आणि ठरल्याप्रमाणे त्यांना वाचून दाखवलं. काकाजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "छान झालं. तेवढं सहीचं काढून टाका, बाई. त्याची नातवंडं माझ्या नातवंडांच्या लग्नाला येतात."

आधीची मी असते, तर वाद घातला असता. पूर्वी घातलाही होता. सत्य ते सत्य, पुढच्या पिढीला कळायला नको का, वगैरे. या वेळी मी तो मजकूर काढला आणि त्यांच्यादेखत मोबाइलमधलं रेकॉर्डिंगही पुसलं. कबूल करते, ते मला अजूनही खटकतं. खोट्या सह्या पकडण्यात माझा जन्म गेला. एका घराच्या इतिहासातली खरी गोष्ट माझ्या हातानं नाहीशी झाली, याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. तरीही पुन्हा तसंच करीन. ती सही झाल्यावर चाळीस वर्षं भावाशी संबंध टिकवून धरणं, हेही काकाजींनीच केलं होतं, आणि त्यातलं काय मागे ठेवायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. मी तिथे दाखल्यासाठी गेले नव्हते, त्यांनी बोलावलं म्हणून गेले होते.

याला मर्यादा आहे. ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा हक्क किंवा जीव अवलंबून आहे, ती दडवायला मी मदत करत नाही. सिकलसेलसारखा आजार घराण्यात असेल तर तो डॉक्टरांना आणि मुलांना सांगितलाच पाहिजे. हा आजार विदर्भात आणि मध्य प्रदेशात काही कमी नाही. वाटणीचा वाद कोर्टात चालू असेल तर तो वकिलाचा विषय. तिथे मी वही मिटते.

माझ्या या बदलाला नंतर वैद्यकातूनही आधार मिळाला. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६३ मध्ये एक लेख लिहिला. म्हातारी माणसं सारखं जुनं उगाळतात, हा तोवर बुद्धीच्या घसरणीचा भाग समजला जाई. बटलरनं मांडलं की आयुष्याचा हा आढावा वयाला धरून आहे आणि तो घेताना माणूस जुने हिशेब मिटवत असतो. पुढे कॅनडातल्या विनिपेगचे डॉ. हार्वी चोचिनोव्ह यांनी मरणासन्न रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. ठरावीक प्रश्न विचारायचे, बोलणं रेकॉर्ड करायचं, लगोलग उतरवून नीट करायचं, रुग्णाला वाचून दाखवायचं, त्याला हवं ते काढायचं-घालायचं, आणि अंतिम प्रत त्याच्या हाती द्यायची. पुढे ती कुणाला द्यायची ते तो ठरवील. प्रश्नांत पणजोबा नाहीत. आयुष्यातल्या कोणत्या काळात सर्वांत जिवंत वाटलं, कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांना काय सांगायचं राहून गेलंय, असे ते प्रश्न.

२००५ मध्ये त्यांनी कॅनडा व ऑस्ट्रेलियातल्या १०० रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ९१ टक्के रुग्णांनी समाधान व्यक्त केलं, ७६ टक्क्यांना आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखी वाटली आणि ८१ टक्के म्हणाले की याचा घरच्यांना उपयोग झाला किंवा होईल. मला हे आकडे फार आवडले, म्हणूनच त्यानंतरचेही सांगायला हवेत. २०११ च्या मोठ्या चाचणीत रुग्णांचे तीन गट करून तुलना केली, तेव्हा त्रास आणि नैराश्य यांच्या मुख्य मोजमापांत या पद्धतीमुळे ठळक फरक दिसला नाही. रुग्णांनी मात्र ती उपयोगी पडल्याचं आणि प्रतिष्ठा जपली गेल्याचं इतर गटांपेक्षा जास्त प्रमाणात सांगितलं. तेव्हा हे औषध नाही. दुखणं कमी होईल असं कुणाला सांगून मी हे करत नाही. वेदनेवर इलाज करायचा तो डॉक्टरांनीच.

भोपाळात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इथल्या बहुतेक घरांची कहाणी कधी ना कधी २-३ डिसेंबर १९८४ च्या विषारी वायुगळतीच्या रात्रीपाशी येते. शाहपुरा गळती झालेल्या कारखान्यापासून दूर, पण माणसं रेल्वे स्टेशनवर ड्यूटीला होती, जुन्या शहरात नातेवाइकांकडे होती, दुसऱ्या दिवशी हमीदिया रुग्णालयात मदतीला गेली होती. मी पूर्वी तिथे वेळ, ठिकाण, माणसांची संख्या असं विचारत असे. आता त्या रात्रीपाशी कुणी थांबलं की मीही थांबते. बोलले तर ऐकते, नाही बोलले तर चहा मागवते. २०१४ मध्ये भोपाळात वायुपीडितांचं एक स्मृतिसंग्रहालय उघडलं. तिथे मृतांच्या साध्यासुध्या वस्तू आणि शेजारी टेलिफोनचे रिसीव्हर. रिसीव्हर कानाला लावला की वाचलेल्या माणसांचा आवाज ऐकू येतो. त्या आवाजातला दम, मधलं थांबणं, शब्द न सापडणं हे कागदावर कधीच आलं नसतं. तिथे ते ऐकल्यापासून घरच्यांना मी लेखी प्रतीबरोबर आवाजही देते, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर.

आता जे बदललं नाही ते. कागद जपलेच पाहिजेत, हे माझं मत पूर्वीइतकंच पक्कं आहे. जुन्या फोटोच्या मागे नावं लिहून ठेवा, बॉलपेननं नको, मऊ पेन्सिलीनं. मोडीतले कागद लॅमिनेट करू नका. त्यांचे नीट फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा, शाळेत मोडी शिकलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. रेकॉर्डिंगच्या प्रती दोन ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. आणि वंशावळ करायचीच असेल तर खुशाल करा, पण ती धडधाकट माणसांनी धडधाकट माणसांना विचारून, उपाध्यांच्या वह्या चाळून करावी. ते काम थांबू शकतं.

आजारी माणसापाशी बसताना मी काही पथ्यं पाळते, ती इथे देते. दुखण्याचं औषध लागू पडलेलं असतं अशा वेळी जावं. अर्ध्या तासाच्या वर बसू नये. सगळी मुलं-सुना भोवती जमवू नयेत. लोकांसमोर आई एक सांगते आणि एकटीला विचारलं तर दुसरंच. माणूस गुंगीत असेल, वेळ-काळाचं भान सुटलं असेल, तर मुळीच विचारू नये. त्या अवस्थेतलं बोलणं टिपून ठेवणं हा अन्याय आहे. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय कुणाला देऊ नये. आणि "नको" म्हणाले तर ते पुरेसं उत्तर आहे. एका आजोबांनी मला सांगितलं, "माझं सगळं बोलून झालंय, तुम्ही बसा, मॅच बघू." आम्ही मॅच पाहिली.

या कामाला निरोपाची वाट पाहू नका, हे मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. "आता काही खरं दिसत नाही" असं म्हणायची वेळ आली की माझ्यासारखीला बोलावतात, आणि तोवर दोन वाक्यांना दम लागत असतो. सत्तरीतली आई स्वयंपाकघरात उभी आहे, ऐंशीतले बाबा अजून तलावावर फिरायला जातात, तीच खरी वेळ. त्यासाठी परक्या बाईची गरजही नाही. या रविवारी मोबाइल टेबलावर ठेवा, रेकॉर्ड करू का म्हणून विचारा, आणि आईला तिचं लग्नाआधीचं नाव विचारून सुरुवात करा. ठाऊक असेल तर त्या नावानं तिला हाक कोण मारायचं, ते विचारा. पुढचं ती सांगेल. तुम्ही मध्ये बोलू नका.